दूध फाटलं नाही

तीर्थ घ्यावं तसा ऊर्मीने चवीसाठी ठेवलेला कागदी पेला भक्तिभावाने उचलला, एका घोटात रिकामा केला आणि कॅनडातल्या कोक्विटलाम गावच्या त्या कोरियन दुकानात किंचाळली, "अगं आई गं!"

"अहो, त्यात पाणी घालायचं असतं!" शेजारून कुणीतरी चक्क मराठीत म्हणालं.

रंगावरून तिला वाटलं होतं कोकम सरबत. निघालं काळ्या रास्पबेरीचं व्हिनेगर! डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि समोर चष्म्याआडून मिश्कील हसणारा एक तरुण...

"मी जयदीप. घरमालकीण कोरियन आहे माझी. मी बेसमेंटमध्ये, वरून रोज व्हिनेगर उतरतं! आता दुधातून घेऊन बघा."

"दुधात? फाटेल ना!"

"पैज?"

चव द्यायला बसलेल्या कोरियन आजींनी थंड दुधात दोन चमचे ओतून ढवळलं. दूध दाटलं, गुलाबी झालं, थेट पियूषच! ऊर्मीने पेला निपटून काढला.

"हरलात," तो हळूच म्हणाला. "आणि... मिशी आलीय."

मग दर शनिवारी भेट ठरलेलीच. तिने ते काकडीच्या कोशिंबिरीत घातलं, त्याने सोड्यात. 'अहो जयदीप'चा 'अरे जयदीप' कधी झाला, तिलाही कळलं नाही.

पाचव्या शनिवारी तो म्हणाला, "पार देशाच्या दुसऱ्या टोकाहून, हॅमिल्टनहून नोकरीची ऑफर आलीय. सोमवारी कळवायचंय."

"वा! घे की," ती म्हणाली. आणि घरी येऊन तिने उशीत तोंड खुपसलं.

दुसऱ्या दिवशी तिथल्या मराठी मंडळात तिचं पहिलं कीर्तन. हॉल गच्च भरलेला, पदराला माइक टाचलेला, पेटीवर राजनकाका. पूर्वरंग कसाबसा पार पडला. मध्यंतरात कीर्तनकाराला बुक्का लावायचा, हार घालायचा. मंडळाच्या सुहासिनीकाकूंनी तबक नेमकं श्रोत्यांत बसलेल्या जयदीपच्या हाती दिलं!

तो समोर आला. बुक्क्याचं बोट तिच्या कपाळाला टेकलं.

"हॅमिल्टनला व्हिनेगर मिळतं?" तिने अगदी हळू विचारलं.

"मिळतं."

"दूध?"

"तेही मिळतं."

"आणि... पैज हरायला कुणी?"

त्याने तबकातला हार उचलला.

"नको जाऊस ना," ती म्हणाली. "मला तू हवा आहेस."

"मी कालपासून एवढंच ऐकायला थांबलोय, ऊर्मी. उद्या 'नाही' म्हणून कळवतो. मलाही तूच हवी आहेस."

हॉलमध्ये मागून हशा उसळला, टाळ्या कडाडल्या. ऊर्मीने पदराकडे पाहिलं. माइकचा हिरवा दिवा छान लुकलुकत होता.

"हार घाल रे बाबा लवकर!" सुहासिनीकाकू ओरडल्या. "लग्नाचं मागाहून बघू, उत्तररंग खोळंबलाय!"

हार पडला. ऊर्मीने डोळे मिटले, विठ्ठलाला हाक घातली आणि सूर असा उसळला, की राजनकाकांना पेटी दोन पट्ट्या वर न्यावी लागली.