वाऱ्याचा आवाज बंद झाल्यावर

पटलं तर वाचा, नाही तर सरका पुढं. मी अंगणवाडीत शिकवते. दिवसभर पोरांच्या थापा ऐकते. थाप कशी असते ते मला बरोबर कळतं. ही थाप नाही.

आणि रात्रही नव्हती.

फेब्रुवारीतला रविवार. दुपारचे तीन. लख्ख ऊन. येडशीच्या रामलिंगाचं दर्शन घेऊन मी आणि माझे मिस्टर मोटारसायकलवर माकणीला परत निघालो होतो.

मिस्टरांचं नाव शंभुलिंग. मोबाईल टॉवरच्या देखभालीचं काम करतात. रोजची दीडशे किलोमीटर गाडी, दहा वर्षं झाली. मागच्या दिवाळीपासून त्यांच्या कानात रातकिडे ओरडायला लागले. उशीवर डोकं टेकलं की सुरू. बिचारे उठून बसायचे. मला लई वाईट वाटायचं आणि रागही यायचा. अडतिसाव्या वर्षी माणूस बहिरा झाला तर त्याला टॉवरवर कोण चढू देणार?

सोलापूरच्या कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, "हेल्मेटनं डोकं वाचतं, कान वाचत नाहीत. वारा हेल्मेटच्या आत घुमतो. तोच तुमचे कान खातोय."

त्यांनी फोमचे केशरी बोळे दिले. बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हातानं कान वर ओढायचा, बोळा आत सारायचा आणि फुगेपर्यंत दाबून धरायचा. वरून हेल्मेट. मिस्टरांनी गाडीला पुढं वारा अडवायची काचही बसवून घेतली.

फरक पडला. रातकिडे कमी झाले.

फक्त एक झालं. मागं बसून मी कितीही बोंबलले तरी त्यांना ऐकू जाईना. थांबवायचं असलं की खांद्यावर थाप मारायची.

"लई सुख हाय बघ या बोळ्यात," म्हणायचे. मी पाठीत धपाटा घालायचे.

तर त्या रविवारी धाराशिव सोडून अर्धा तास झाला असेल. माझा पदर सुटून चाकाकडं जायला लागला. मी खांद्यावर थाप मारली. एका फाट्यावर त्यांनी गाडी थांबवली. तिथं एसटीचा पत्र्याचा निवारा, एक बंद टपरी, दोन बाभळी. बाकी काही नाही.

मी उतरले आणि पाच-सहा पावलं निवाऱ्याच्या सावलीत गेले. मिस्टर गाडीवरच बसून होते. इंजिन चालू. तोंड पुढं.

मी पदर खोचत होते...

आणि गाडीचा मागचा भाग खाली दबला.

कुणी बसल्यावर दबतो ना, तसा.

सीटवर कुणी नव्हतं.

मिस्टरांनी गिअर टाकला आणि गेले.

"अहो! अहो, थांबा की!"

मी पळाले. चप्पल निघाली. फोन लावला. फोन त्यांच्या खिशात, बोळे कानात. नुसती रिंग जात राहिली.

खरं सांगते, आधी मला संतापच आला. बायकोला पंपावर विसरून आलेल्या माणसाचे किस्से प्रत्येक गावात असतात. आता आमचाही झाला म्हणायचा. घरी चला, दाखवते, असं मनात म्हणत मी निवाऱ्यापाशी आले.

मग माझ्या ध्यानात आलं...

वारा वाहत होता. बाभळीचा पाला हलत होता. निवाऱ्याचा एक सुटलेला पत्रा वर-खाली होत होता.

आवाज मात्र कशाचाच नव्हता.

मी टाळी वाजवली. माझीच टाळी मला लांबून कुणी वाजवावी तशी ऐकू आली.

तेवढ्यात शेरडं घेऊन एक म्हातारी आली. धुरपदाबाई तिचं नाव, ते मला नंतर कळलं. तिनं मला बघितलं, मग निवाऱ्यात बघितलं.

"ती दुसरी गेली व्हय?"

"कोण दुसरी, मावशी?"

म्हातारी शेरडं हाकत घाईघाईनं निघून गेली. मी हाका मारल्या, पण मागं वळलीसुद्धा नाही.

दीड तासानं मिस्टर परत आले. तोंड पांढरंफटक. हेल्मेट कोपरात अडकवलेलं. मला बघून रस्त्यावरच मटकन खाली बसले.

"तू... तू हितं हाईस?"

"मग कुठं असणार? टाकून गेलासा की मला!"

"अगं, पार गावापत्तर बोलत आलीस की तू! दारात गाडी लावली, उतर म्हणलं, मागं बघितलं तर..."

"काय बोलले मी?"

ते आठवायला लागले. "म्हणलीस, वाऱ्यात कुणाला ऐकूच जात न्हाय. आता बरं ऐकू जातंय. मग म्हणलीस, रोज नेत जावा मला संगं."

"आणि तुमी?"

"व्हय म्हणलं म्या."

मी त्यांच्यापुढं खाली बसले.

"अहो, चालत्या गाडीवर बोळे घातल्यावर माझा एक शबुद तरी तुमाला ऐकू येतोय का? मग हे कसं आलं?"

त्यांनी हळूच कानाला हात लावला. बोळे अजून आतच होते.

त्यानंतर रातकिडे पूर्ण बंद झाले. पण मिस्टर घरातही बोळे घालायला लागले. "कुकरची शिट्टी सहन होत न्हाय," म्हणाले. मग जेवताना. मग झोपताना. भिंतीकडं तोंड करून पडायचे आणि मधूनच गालात हसायचे. मी काही विचारलं की बोट वर करायचे. थांब म्हणून. जसं काही तिसरंच माणूस बोलतंय आणि मी मध्ये तोंड घालतेय.

मी बोळे चुलीत घातले. दुसऱ्या दिवशी नवीन पाकीट घरात.

बारा वर्षांचा संसार आमचा. भांडणं झाली, अबोला झाला. पण माझा माणूस असा माझ्यासमोर बसून माझा नाही, असं कधी झालं नव्हतं. मी रडले. त्यांना तेही ऐकू गेलं नाही.

शेवटी गेल्या मंगळवारी हट्टानं सोलापूरला नेलं. एसटीनं चला म्हटलं, तर ऐकेनात. गाडीवरच गेलो. मी दोन्ही हातांनी त्यांना घट्ट धरून बसले होते.

कान तपासायला काचेची एक बंद खोली असते. आत बसवून कानावर हेडफोन लावतात आणि हातात बटण देतात. आवाज आला की बटण दाबायचं. तपासणाऱ्या पोरीचं नाव वर्षाराणी. ती आणि मी बाहेर.

मिस्टर बोळे काढून आत बसले. डोळे मिटले.

बटण दाबलं.

पुन्हा दाबलं... पुन्हा...

वर्षाराणी माझ्याकडं बघायला लागली.

"काकू, मी अजून एकही आवाज सोडला नाही."

काचेतून मला त्यांचे ओठ हललेले दिसले. मान हलवत होते. व्हय... व्हय...

नंतर मशीन चालू करून तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत. आधीपेक्षा चांगले.

बाहेर आल्यावर मी त्यांचा हात धरला. "खरं सांगा. काय म्हणती ती?"

त्यांनी गाडीकडं बघितलं. मग खाली बघून म्हणाले, "एकच इचारती. तुजी बायकू गाडीवरनं कवा उतरणार?"

"मग तुमी काय म्हणलासा?"

"अजून काय बोललो न्हाय म्या."

अजून!

त्या दिवशी मी एसटीनं घरी आले. मिस्टर गाडीवर आले. एकटेच आलो, असं ते म्हणतात.