मीटर थांबलेल्या खोल्या

सातव्या नकारानंतर सुगंधा तिथेच जिन्यात बसली.

अंधेरीला, मरोळ नाक्याच्या आतल्या गल्लीतली ती तीन मजली इमारत. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तिला हसून आत घेतलं होतं, पाणी दिलं होतं. नाव ऐकून 'किती छान जुनं नाव' असंही म्हणाल्या होत्या. मग सुगंधाने आपण मॉरिशसहून आल्याचं सांगितलं आणि बाईंचं हसू हळूहळू आवरत गेलं. "म्हणजे फॉरेनरच की तुम्ही. पोलिसात नोंद, सह्या, चौकशा… आमच्या यांना नाही चालायचं. आणि त्यातून एकटी मुलगी." दार त्यांनी अगदी हळू लावलं. आपटलेल्या दारापेक्षा हळू लावलेलं दार जास्त लागतं, हे या वीस दिवसांत तिला कळून चुकलं होतं.

तिचे पणजोबा कोकणातून बोटीने ऊस तोडायला गेले ते तिकडचेच झाले. त्यांची ही चोवीस वर्षांची पणती आता उलट्या वाटेने आली होती. अंधेरी स्टेशनजवळच्या एका खासगी क्लासने तिला वर्षभर फ्रेंच शिकवायला बोलावलं होतं. हवाईसुंदरी व्हायची स्वप्नं बघणाऱ्या मुलींकडून ती रोज दोन तास 'सुप्रभात' आणि 'आभारी आहे' घोकून घ्यायची. उरलेले तास… उरलेले तास फार लांब असायचे. बायकांच्या ज्या वसतिगृहात ती उतरली होती, तिथे पाहुण्यांना एकच महिना राहता यायचं. त्यातले दहा दिवस उरले होते. नोंदणीच्या फॉर्मवर मुंबईतल्या पत्त्याचा रकाना अजून कोरा होता, आणि तो भरला नाही तर परत जावं लागणार होतं.

वडिलांना तिने पत्रात लिहिलं होतं की इथे सगळे मराठी बोलतात. माझ्याशी कुणी बोलत नाही, हे मात्र लिहिलं नव्हतं.

"जरा सरकता का?"

ती दचकून वळली. खाकी शर्ट, कानावर पेन्सिल, काखेत जाड वही, हातात टॉर्च. तिच्याच वयाचा, फार तर दोन-तीन वर्षांनी मोठा.

"मीटर तुमच्या डोक्यामागे आहेत," तो म्हणाला.

"क्षमस्व. मी येथे क्षणभर विश्रांती घेत होते. आपल्या कार्यात व्यत्यय आला असल्यास—"

तो बघतच राहिला. "तुम्ही रेडिओवर बातम्या देता का?"

"नाही. का?"

"तिथे असं बोलतात."

ती कानापर्यंत लाल झाली. "आमच्या शाळेत गुरुजींनी असंच शिकवलं. मॉरिशसला. माझी मराठी अशुद्ध आहे का?"

"शुद्ध आहे. तीच तर अडचण आहे." मग त्याने टॉर्चच्या उजेडात एकेक आकडा वहीत उतरवला आणि मागे न बघता विचारलं, "दमलात?"

साधा प्रश्न. पण वीस दिवसांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. गाव विचारलं होतं, पगार विचारला होता, मासे खाता का विचारलं होतं. तिचे डोळे एकदम भरून आले आणि तिने पर्समध्ये काहीतरी शोधायला सुरुवात केली.

त्याने ते पाहिलं असावं. तो मीटरशी बोलल्यासारखा बोलत राहिला. "खोली मिळत नाही ना? एजंटाला माहीत नसतील तेवढ्या खोल्या मला माहीत आहेत. हे बघा. तीन महिने आकडा तोच. मीटर फिरलेलाच नाही. म्हणजे खोली बंद. मालक गावाला, नाहीतर दुबईला." वहीच्या शेवटच्या पानाचा तुकडा फाडून त्याने तीन पत्ते लिहिले. "उद्या इथे जाऊन बघा. फक्त माझं नाव सांगू नका."

"का?"

"कंपनीचा नियम आहे," तो जरा घाईनेच म्हणाला.

तिने त्याच्या खिशावरचा बिल्ला वाचला. भीमराज.

ते तीनही पत्ते फसले, पण चौथ्या दिवशी नाक्यावरच्या चहाच्या टपरीपाशी तो पुन्हा भेटला, आणि मग रोजच भेटू लागला. चार वाजता त्याची फेरी संपायची, साडेचारला तिचा क्लास सुटायचा. नवा पत्ता घेऊन दोघं निघायची. ती वर जायची, तो खाली पानवाल्यापाशी थांबायचा. वर येत नसे. ती खाली आली की तिच्या चेहऱ्याकडे एकदा बघायचा आणि काही न विचारता पुढचा पत्ता काढायचा.

"आपण वर का येत नाही?" तिने एकदा विचारलं.

"आधी ते 'आपण' सोड. 'तू' म्हण."

"तू…" ती अडखळली. "गुरुजी म्हणायचे, 'तू' फक्त देवाला आणि आईला म्हणावं."

"मग मला कुठल्या खात्यात टाकतेस बघ." तो हसला. डोक्यावरून विमान इतकं खालून गेलं की पुढचं काही ऐकूच आलं नाही. विमान गेलं की ती नेहमी वर बघायची. तो तिच्याकडे बघायचा.

"रविवारी काय करतेस?" आवाज विरल्यावर त्याने विचारलं.

"कपडे धुते. मग ते वाळताना बघत बसते."

यावर तो हसला नाही. पुढच्या रविवारी तो तिला पवईच्या तलावावर घेऊन गेला. जानेवारीतलं कोवळं ऊन होतं. बांधावर बसून दोघांनी एकाच पुडीतले शेंगदाणे खाल्ले, आणि पुडी संपत आली तशी बोटं एकमेकांना लागू नयेत म्हणून दोघंही इतकी जपू लागली की शेवटचे चार दाणे तसेच राहिले. तो परभणीकडचा. घाटकोपरला मावशीकडे राहायचा, एका खोलीत सहा जण. "मीही पाच वर्षं खोली शोधतोय," तो म्हणाला.

"तू? तुझ्या वहीत अख्ख्या अंधेरीच्या रिकाम्या खोल्या आहेत की."

"वहीत आहेत. मिळत नाहीत यार." त्याने एक खडा पाण्यात टाकला. ती आणखी काही विचारणार होती, पण त्याचा चेहरा बघून गप्प राहिली.

अठ्ठाविसाव्या दिवशी जोगेश्वरीत, लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका बैठ्या चाळीत दार उघडलं ते रत्नप्रभाबाईंनी. नवरा गिरणीत होता, दोन वर्षांपूर्वी वारला. मुलगा मस्कतला. तीन खोल्या, त्यातल्या दोन बंद. सुगंधाने मॉरिशस म्हटल्यावर बाई आधी गोंधळल्या. पणजोबा देवगडकडचे म्हटल्यावर मात्र त्यांनी तिचा हातच धरला.

"देवगडचो? अगो, मगे तू आमचीच!"

त्या 'आमचीच' शब्दाने सुगंधाला रडू फुटायचं बाकी राहिलं. बाईंनी पत्त्याचं पत्र तिथल्या तिथे सही करून दिलं. ती धावत बाहेर रस्त्यावर आली, भीमराजपुढे पत्र धरलं आणि म्हणाली, "झकास!"

तो मोठ्याने हसला. मग पत्र नीट वाचून परत देताना म्हणाला, "चल. आता तुला माझ्या वहीची गरज नाही."

तिला म्हणायचं होतं… पण ती नुसतीच उभी राहिली. आणि तोही.

खोली चांगली होती. खिडकीत शेवग्याचं झाड होतं. रत्नप्रभाबाई बांगड्याचं तिकलं वाटीभर आणून द्यायच्या, केसांना तेल लावून द्यायच्या, 'लेक' म्हणायच्या. तरी साडेचार वाजले की सुगंधाचा पाय अडायचा. टपरीवर जावं तर काय सांगून जावं? शोधायचं ते तर मिळालं होतं. दोनदा ती गेलीसुद्धा. तो नव्हता. त्याची फेरी आता मरोळ सोडून दुसऱ्या भागात गेल्याचं चहावाल्याने सांगितलं. एवढ्या मोठ्या शहरात तिला आता पत्ता होता, पण पूर्वी नव्हतं इतकं एकटं वाटत होतं.

आणि एके दुपारी बाईंबरोबर तांदूळ निवडताना तिला सुचलं. शेजारची खोली तर बंदच आहे!

"मावशी, ती पलीकडची खोली भाड्याने द्याल? माझा एक मित्र आहे. वीज कंपनीत कायम नोकरी आहे. फार सज्जन आहे. खरं तर ही खोलीही त्यानेच शोधून दिली मला."

"असा? मगे घेऊन ये की. नाव काय तेचा?"

"भीमराज."

बाईंचा हात सुपात थांबला. "आडनाव?"

"साळवे. परभणीचा आहे."

बाई थोडा वेळ तांदळाकडे बघत राहिल्या. "त्या खोलयेत सामान ठेवूचा आसा गो," त्या हळू म्हणाल्या. "मस्कतच्या झिलाचा. माझा काय म्हणणा नाय, बाय. पण शेजारी काय म्हणतले?"

आवाजात राग नव्हता. उलट माया होती. तोच हळू लावलेल्या दारासारखा आवाज. सुगंधाच्या डोळ्यांपुढे एकामागून एक जिने आले आणि प्रत्येक जिन्याखाली पानवाल्यापाशी उभा असलेला खाकी शर्ट. कंपनीचा असा कुठलाच नियम नव्हता, हे तिला त्या क्षणी कळलं.

रविवारी चहावाल्याकडून वस्तीची खूण घेऊन ती विचारत विचारत घाटकोपरला पोचली. टेकडीच्या अंगाने चढत गेलेली वस्ती होती. नळापाशी चौघींनी तिला दार दाखवलं. त्याच्या द्रौपदीमावशीने ओळखपाळख विचारायच्या आधी पाट मांडला आणि गरम भाकरी ताटात घातली. भीमराज हातात पाण्याची कळशी घेऊन आला आणि दारातच थांबला.

"तू? इथे?"

"जेवू दे तिला आधी," मावशी म्हणाली. "मग काय बोलायचं ते बोल."

जेवण झाल्यावर दोघं वरच्या कातळावर जाऊन बसली. खाली पत्र्यांवर सुकत घातलेले कपडे, लांबवर धुरकट झालेली घरं.

"म्हणून तू खाली थांबायचास," ती म्हणाली.

"मी वर आलो असतो तर आडनाव विचारलं असतं. बऱ्याचदा आडनावाचीही गरज पडत नाही. बिल्ल्यावरचं नाव पुरतं." तो शांतपणे बोलत होता. "आम्ही बौद्ध. पाच वर्षांत मला किती घरांनी सामान ठेवायचंय म्हणून सांगितलं, मोजलं नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू पहिल्याच दारात भांडली असतीस. तुझा महिना संपला असता. गेली असतीस परत."

"मग गेले असते. तुला काय?"

तो नखाने कातळावरचं शेवाळ खरवडत राहिला. विमानाचा आवाज आला, पण या वेळी तिने वर बघितलं नाही.

"मी महिनाअखेर खोली सोडतेय," ती म्हणाली. "बाईंना सांगून आले."

"वेडी आहेस का? वाट लागेल तुझी. इतकी फिरलो आपण—"

"भांडून नाही सोडत. त्या रडल्या. मीही रडले. पण त्यांच्या 'आमची'मध्ये तू नाहीस… मग मला तिथे झोप येईना." ती थांबली. पुढचं शाळेतल्या मराठीत नव्हतं, आणि शहरातल्या मराठीतही तिला कुणी शिकवलं नव्हतं. "भीमराज, मला इथे सगळ्यांनी गाव विचारलं. दमलीस का, असं तू एकट्याने विचारलंस. मला त्या माणसाजवळ राहायचं आहे. खोली कुठेही असू दे."

त्याने मान वर केली. मग फक्त तिचा हात आपल्या हातात घेतला आणि तसाच गुडघ्यावर ठेवून बसून राहिला.

पुढचे तीन आठवडे दोघं मिळून खोली शोधत होती. सगळे जिने बरोबर चढायचे आणि आधी पूर्ण नावं सांगायची, असं ठरलं होतं. त्यामुळे काम झटपट व्हायचं. पाच मिनिटांत खाली. कधी ती चिडायची, कधी तो. एकदा तर दोघं एका वेळी चिडली आणि विक्रोळीपर्यंत न बोलता चालत गेली.

मुलुंडला एका पेन्शनर गृहस्थांनी दार उघडलं. अनंतराव. अत्यंत सभ्य. खोली दाखवली, नळाची वेळ सांगितली, मग चष्मा पुसत विचारलं, "तुम्ही दोघं एकमेकांचे कोण?"

भीमराज म्हणू लागला, "आम्ही म्हणजे… ओळखीचे—"

"आम्ही लग्न करणार आहोत," सुगंधा म्हणाली.

भीमराजने तिच्याकडे असं बघितलं, की अनंतरावांनाही कळलं असावं, ही बातमी त्याला आत्ताच कळते आहे.

"असं असं. आणि पूर्ण नाव?"

"भीमराज राजाराम साळवे," तो म्हणाला. आवाज नेहमीपेक्षा मोठा लागला.

अनंतरावांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मुलाला विचारावं लागेल म्हणाले. कळवतो म्हणाले. कुठे कळवायचं ते मात्र विचारलं नाही.

ती खोली मिळाली नाही. खोली मिळाली पुढे मे महिन्यात, भांडुपला, एका शिक्षिकेच्या घरामागे, तेव्हा नोंदणी पद्धतीने त्यांचं लग्न होऊन चार दिवस झाले होते; तोवर सुगंधा द्रौपदीमावशीच्या खोलीत सातवी होऊन राहिली होती. पण त्या संध्याकाळी हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. ती दोघं मुलुंडच्या बस स्टॉपवर उभी होती आणि एकमेकांकडे बघायचं टाळत होती.

"मी विचारणारच होतो," तो म्हणाला. "आधी खोली मिळू दे, मग विचारू, असं ठरवलं होतं."

"मग म्हातारपणी विचारलं असतंस."

"असं वर एकदम बोललीस… मला जरा आधी सांगायचंस तरी."

"आता सांगते की." तिचा आवाज मात्र आता तेवढा धीट राहिला नव्हता. "तुला… चालेल ना?"

तो हसू लागला. हसता हसता त्याचे डोळे ओले झाले आणि ते लपवायला त्याने रस्त्याकडे तोंड फिरवलं.

"चालेल," तो म्हणाला.

लांब वळणावर त्यांची बस दिसली. खच्चून भरलेली होती, पण चढता आलं असतं. भीमराजने हात केला नाही. सुगंधानेही नाही. बस थोडी हळू झाली आणि निघून गेली, आणि दोघं पुढच्या बसची वाट बघत एकमेकांना खेटून उभी राहिली.