जावयाची गाडी मी का मोडली

खोटं वाटलं तर खुशाल हसा. माझं काही जात नाही.

मी विश्राम, फिटर. कोपरीत खाडीच्या अंगाला माझी पत्र्याची शेड आहे. आठ वर्षांपूर्वीची, म्हणजे १९५१ सालची वैशाखातली अमावास्या. रात्र नव्हती. भर दुपारचे बारा वाजले होते. आणि दारूबंदी त्याच्या आदल्या वर्षी आली, मी तर दारूला आधीपासूनच शिवत नाही. तेव्हा तेही बोलू नका.

माझी धाकटी बहीण कलावती. तिचे यजमान रतनराव, आमच्या घरचे जावई. त्यांनी कल्याणच्या कॅम्पातून लष्कराची जुनी पिकअप घेतली होती, चारही चाकं ओढणारी. माल भरून कसारा घाट चढायचा, नाशिक गाठायचं. गाडी माझ्याच शेडमध्ये आणून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे पहिली फेरी.

कला सात महिन्यांची गरोदर होती. तशीच डोंबिवलीहून माझ्याकडे आली.

"दादा, त्या गाडीखाली लष्करातला कुणी फिटर मेलाय म्हणतात. तू तपास. तू हो म्हणालास तरच मी यांना जाऊ देईन."

"अगं, मेला असेल! म्हणून काय तेल बदलायचं नाही?"

असा मी. अमावास्येला ड्रायव्हर लोक गाडीखाली जात नाहीत. मी मुद्दाम गेलो.

काम साधं होतं. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध एकेक लोखंडी गोळा असतो, डिफरन्शियल. गिअरबॉक्सच्या मागे एक पेटी, तिला ट्रान्सफर म्हणतात. ती पुढच्या-मागच्या चारही चाकांना ओढ देते, तिच्याशिवाय गाडी हलत नाही. तिन्हींतलं जुनं तेल काढायचं, नवं भरायचं.

आमची एक रीत आहे. आधी वरचं बूच उघडायचं, मग खालचं. खालून तेल सोडून दिलं आणि वरचं बूच अडकून बसलं, तर नवं भरणार कुठून?

मी मागच्या गोळ्याच्या वरच्या बुचाला पाना लावला...

बूच सैल होतं. नुसत्या बोटाने फिरलं.

रतनरावांनी उघडून पाहिलं असेल, म्हटलं. पुढच्या गोळ्याकडे गेलो...

तेही सैल. ट्रान्सफरचंही सैल.

दोन्ही गोळे उरकले. मग ट्रान्सफरचं खालचं बूच काढलं. तेल घमेल्यात पडायला लागलं. मी धारेला हात लावला आणि...

चटका बसला.

गाडी तीन दिवस जागची हलली नव्हती. शेडच्या सावलीत उभी होती. पेटीच्या पोटात ऊन कुठलं?

"च्यायला, कोण आहे रे?" मी मोठ्याने विचारलं.

बाहेर कावळे ओरडत होते. तेही गप्प झाले.

मी नवं तेल पिचकारीने भरायला घेतलं. वरच्या भोकातून ओघळ आला की पेटी भरली. अर्धा डबा पुरायला हवा होता. अख्खा डबा गेला...

एक थेंब ओघळला नाही. खालची जमीनही कोरडी ठाक.

अशा वेळी आम्ही करंगळी आत घालून बघतो, तेल कुठवर आलंय ते. मी घातली.

आतून कुणीतरी ती धरली...

ओढली नाही. पिरगळली नाही. लहान पोर आपलं बोट धरतं तशी नुसती धरली. त्या पेटीत दातेरी चाकं गच्च भरलेली असतात हो! मूठ मावायला जागा नाही.

मग अगदी माझ्या कानाशी, हळूच आवाज आला...

"रतन?"

घाबरलो. सांगायला लाज कसली? पण रागही तेवढाच आला. आमच्या घरात जावयाला कुणी एकेरी हाक मारत नाही. हा कोण लागून गेला?

"रतन नाही इथे! मी विश्राम. सोड बोट!"

सोडलं. लगेच सोडलं.

तेव्हा मला खरी भीती वाटली. त्याला मी नकोच होतो. रतनरावांचं नाव त्याला कसं ठाऊक, देव जाणे.

मी ती पेटी उतरवली, उघडली. आत तेलाचा टिपूस नाही. सगळी दातेरी चाकं काढून गोणपाटात बांधली आणि संध्याकाळी खाडीवर गेलो. भरती होती. रतनराव धावत मागे आले.

"विश्रामदादा, पाया पडतो तुमच्या, ती चाकं परत मिळायची नाहीत!"

मी गोणपाट फेकलं.

खरं सांगितलं असतं तर ते हसले असते आणि पहाटे दुसरी चाकं शोधायला निघाले असते. माणूस हट्टी, माझ्यासारखाच. म्हणून म्हणालो, गाडी निकामी होती. ते काय दूधखुळे होते? ते म्हणाले, "ठेवा मग तुम्हालाच," आणि निघून गेले.

कला दारात उभी राहून म्हणाली, "दादा, तुला माझं बरं बघवलं नाही."

आठ भाऊबिजा झाल्या. ती आली नाही.

रतनराव आता एका वखारीत कामाला आहेत, धडधाकट आहेत. भाचा सात वर्षांचा झाला. मी त्याला लांबूनच पाहिलाय.

गाडी अजून माझ्याच शेडमध्ये आहे. पेटी रिकामीच परत बसवली. भंगारवाले विचारतात, मी देत नाही. माझी बायको गंगुबाई म्हणते, "जाळून टाका एकदाची." जाळीन. पण मग तो विचारायला कुठे जाईल? इथे मला विचारतोय, तोवर त्याला रतनराव सापडलेले नाहीत.

म्हणून दर अमावास्येला दुपारी बारा वाजता मी गाडीखाली सरकतो आणि करंगळी आत घालतो. तो विचारतो. मी नाही म्हणतो. तो सोडतो.

हल्ली मात्र सोडायला वेळ लावतो. मागच्या अमावास्येला त्याने दोनदा विचारलं...

दहादा विचारू दे. विश्राम जिवंत आहे तोवर उत्तर तेच मिळेल.