ओर्मेलाचं नाव

लॅम्बेथच्या धक्क्यावर वाऱ्याने एका तरुणाच्या हातातले कागद उडवले, आणि त्यातला एक नेमका माझ्या तोंडावर येऊन चिकटला. कवितेच्या ओळी, भोवती वेली, मध्ये नांगर धरलेली पंखवाली म्हातारी.

“ही कोण?”

“ओर्मेला. पहिली सकाळ हिनेच नांगरली.”

“बायबलात तर नाही ही.”

“नाही... माझ्या डोक्यात राहते.”

“आणि रंग कोणी भरलाय? कोपराने?”

तो कानापर्यंत लाल झाला. “मीच.”

“द्या इकडे.”

बाबांच्या छापखान्यात रंगाचं काम माझं. माझ्याइतका हलका हात अख्ख्या लॅम्बेथमध्ये नव्हता. दुसरं कुणी म्हणत नाही, म्हणून मीच सांगते. त्या हिवाळ्यात तो, जेबेझ, तांब्याच्या पत्र्यावर उलटी अक्षरं लिहायचा, पत्रा तेजाबात बुडवून ती उठवायचा, आम्ही भिजवलेल्या कागदावर छापायचो आणि मी रंगवायचे. त्याचे सगळे देव मला तोंडपाठ झाले. तो मला आवडायला लागला होता, हे ओर्मेलालासुद्धा कळलं असेल.

मग एक पुस्तकविक्रेता आला. सगळ्या प्रती घेईन म्हणाला, फक्त ओर्मेलाचं नाव काढून मिनर्व्हा घाला. लोकांना ओळखीची देवी लागते. बाबा जेबेझला म्हणाले, “एवढं कर, आणि माझी टॅमसिन तुझी.”

दुसऱ्या दिवशी जेबेझ नाव खरवडायला बसला. मी त्या नावावर तळवा ठेवला.

“बोट कापेल, टॅमसिन.”

“कापू दे.”

“अगं, तुझ्यासाठीच करतोय—”

“ओळखीच्या देवी काढणारे या गल्लीत सतरा जण आहेत. त्यातल्या एकालाही मी हो म्हटलं नाही.”

“आणि मला?”

“तू विचारलंस कुठे अजून?”

त्याने हातातलं हत्यार खाली ठेवलं. “ओर्मेलासकट करशील लग्न?”

“तिच्याशिवाय केलंच नसतं.” मान ताठ ठेवून मी छापयंत्राशी उभ्या असलेल्या बाबांकडे वळले. “मंगळवारी मला एकवीस पूर्ण झाली. कायद्याने तुमची परवानगी लागत नाही, बाबा. पण मला हवी आहे.”

बाबांनी बाह्या सारल्या आणि ओर्मेलाच्या नावावर शाई लावायला घेतली.

“उभे काय राहिलात दोघं?” ते म्हणाले. “कागद भिजवा.”