पायांचा मुलूख

पडद्यावर संघमित्रा वासनिकच्या मेंदूचा नकाशा हळूहळू उजळत गेला. नागपूरच्या मज्जा-संशोधन केंद्रातल्या त्या थंड खोलीत ती आणि तिची आई डॉक्टर खानोलकरांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"इथून पायांना हुकूम जायचे," डॉक्टरांनी एका ठिपक्यावर बोट ठेवलं. "अपघातात मज्जारज्जू तुटला, वाट बंद झाली. पण मेंदू आपली जमीन पडीक ठेवत नाही. तू बास्केटबॉल खेळायला लागलीस आणि चाकखुर्चीच या मुलखात राहायला आली. तुझी वळणं, मुसंड्या, सगळं इथून चालतं."

"आणि तुटलेल्या जागी तो कृत्रिम मज्जासेतू बसवला तर?" संघमित्राने विचारलं.

"वाट जोडली जाईल. पलीकडचे पाय कुणाचं ऐकतील, ते मात्र मला सांगता येणार नाही."

"माझा खेळ जाईल का?" संघमित्राने, भारताच्या चाकखुर्ची-बास्केटबॉल संघाच्या कर्णधाराने, विचारलं.

"पोरी, आधी उभी तर राहा," आई म्हणाली.

आईसाठी तिने होकार दिला. शस्त्रक्रिया झाली. विजेच्या हलक्या झटक्यांनी सुकलेले स्नायू पुन्हा भरले. पण पलंगावर निजवून "अंगठा हलव" म्हटलं की अंगठा ढिम्म. प्रयोग फसला, असं ठरलं. आईने तो विषय टाकला. संघमित्राला मनातून हायसं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

हायसं वाटायचं कारण म्हणजे, या खेळात प्रत्येकीला शरीरात उरलेल्या ताकदीवरून वर्गवारीचे गुण मिळतात आणि मैदानावरच्या पाचजणींची बेरीज चौदापुढे जाता कामा नये. निर्जीव पायांमुळे तिचा एकच गुण होता. म्हणून तर तिच्यासोबत जास्त गुणांच्या उंच, दणकट मुलींना मैदानावर जागा मिळत होती. परीक्षकांनी तिला पुन्हा पलंगावरच तपासलं. गुण एकच राहिला.

लिस्बनला जागतिक स्पर्धेचा उपांत्य सामना होता. आई प्रेक्षकांत होती. शेवटच्या क्षणांत स्पेनच्या खेळाडूने चेंडू बास्केटकडे उचलला आणि संघमित्राने जिवाच्या आकांताने हात उंचावला. मांडीवरचा पट्टा करकरत सुटला. चेंडू तिच्या तळव्यावर आदळला.

ती बैठकीपासून वीतभर वर उठली होती.

शिट्टी वाजली. पुन्हा खाली आदळल्यावर तिला सारं उमगलं. पलंगावर ती पायांना हाका मारत होती, पण त्या मुलखात पायांना आता कुणी ओळखत नव्हतं. आज तिने खुर्चीला हुकूम दिला, "वर!" आणि तो सेतूवरून थेट गुडघ्यांत उतरला.

पंच जवळ आले. बैठक सोडून उठणं हा नियमभंग. मात्र स्नायूंत पेटका आला असेल, तर माफ.

"पेटका म्हण, मित्रा!" प्रशिक्षक कडेवरून ओरडले. खरं सांगितलं तर परीक्षक तिला या वेळी खुर्चीत बसवून तपासणार होते. गुण वाढणार होते, आणि त्या पाचजणींत मग तिला जागा उरणार नव्हती.

वर आई तोंडाला पदर लावून उभी होती.

"पेटका आला होता?" पंचांनी विचारलं.

"नाही," संघमित्रा म्हणाली. "मीच उठले."