शेजारची खुर्ची

मेलेल्या माणसाबद्दल उभ्याने विचारू नये, हा तिच्या कामातला पहिला नियम. उभं राहून विचारलं की घरचे लोकही उभ्याउभ्या उत्तर देतात. "अटॅक आला, गेले." झालं, संपला विषय. बसलं की मात्र सांगतात. आधी पाय सुजायचे, मग चढावर थांबायला लागले, मग एकदा सकाळी चहा नको म्हणाले, असं एकातून एक निघत जातं. म्हणून आरोग्य खात्याच्या बाईने घरात शिरलं की आधी बसायचं आणि मग तोंड उघडायचं. तिने हा नियम इतकी वर्षं पाळला होता, की कुणाचाही उंबरा ओलांडला की तिचे गुडघे आपोआप वाकत.

कामच तसं होतं. दवाखान्यात न पोचता घरच्या घरी जी माणसं जातात, ती कशाने गेली हे कोण सांगणार? तर ही जाऊन घरच्यांना विचारणार, खोकला होता का, तहान फार लागायची का, शेवटी बोलणं जड झालं होतं का. त्यावरून मोठे डॉक्टर कारण ठरवणार. खालच्या गल्लीत तिला सगळे चौकशीबाई म्हणत. कुणी गेलं की थोड्या दिवसांत चौकशीबाई येणार, हे ठरूनच गेलेलं होतं.

वरची वसाहत आणि खालची गल्ली यांच्यामध्ये एक चढ होता, बाकी काही नाही. धडधाकट माणूस गप्पा मारत चढून जाईल एवढाच. दवाखाना चढाच्या वर, कारखान्याचं धुराडं चढाच्या खाली. वर माणसं म्हातारी होऊन मरत, गोळ्यांचा डबा उशाशी ठेवून, नातवंडांची नावं विसरून. खाली कुणी पन्नाशी ओलांडली तर लोक त्याला आजोबा म्हणू लागत. कारणं दोन्हीकडे तीच, हृदय, शुगर, फुप्फुसं, डोक्यातली शीर. फक्त खाली ती घाईने येत. दवाखान्यात नंबर लावायचा तर दिवसाचं काम बुडतं, आणि हातावर पोट असलेल्याच्या छातीत दुखलं तरी तो आधी पोटाचंच बघतो.

हे सगळं तिला पाठ होतं. ती स्वतः त्याच गल्लीतली. नोकरी लागली, लग्न झालं आणि चढ चढून वर राहायला गेली. नवरा बदलीच्या गावी असायचा. सख्खी धाकटी बहीण मात्र अजून गल्लीतच होती. सुरुवातीच्या दिवसांत चौकशीबाई घरी येऊन रडायची. पुढे रडू येईनासं झालं. समोर एखादी हंबरडा फोडत असली तरी ही थांबायची आणि आवाज जरा कमी झाला की विचारायची, "आणि खोकल्यातून रक्त?" दगड झाली होती म्हणा ना. त्याचंही तिला काही वाटत नसे.

खुर्चीकडे तिचं लक्ष गेलं ते इस्त्रीवालीच्या घरी.

इस्त्रीवालीचा नवरा दम्याने गेला होता. खोलीत कोळशाचा आणि पाणी मारलेल्या कापडाचा वास होता. बाई दारात दिसल्याबरोबर इस्त्रीवालीने पदराने खुर्ची पुसून पुढे ठेवली. हिरवी, प्लास्टिकची, उन्हाने विटलेली. तिचा डावा हात तडकलेला होता आणि कुणीतरी तो तांब्याच्या तारेने शिवला होता. बसताना तारेचं टोक मनगटाला टोचलं, आणि चौकशीबाईला आठवलं की हे आपल्याला आधीही टोचलं आहे. शिंप्याच्या घरी.

"शिंप्याकडे आले होते, तेव्हा तुमच्याकडूनच आणली होती ना ही?"

"आमच्याकडून?" इस्त्रीवाली एवढ्या दुःखातही फणकारली. "आमच्याकडे खुर्ची असती तर हा माणूस जन्मभर जमिनीवर कशाला बसला असता? गॅरेजवाल्याकडून मागून आणली, तुम्ही येणार म्हणून."

असेल, म्हणून तिने पुढचे प्रश्न विचारले.

मग गॅरेजवाल्याची आई गेली. शुगर होती, पायाची जखम चिघळली होती, डॉक्टरला दाखवू दाखवू म्हणता राहून गेलं. चौकशीबाई गेली तेव्हा गॅरेजवाल्याने ग्रीसच्या हातांनी खुर्ची धरून आणली. तीच. तीच तार.

"ही तुमचीच ना?"

"नाही हो बाई. दूधवाल्याची आहे. आमच्याकडे कुठली खुर्ची?"

तो खोटं बोलत नव्हता. खोटं ओळखण्यात तिचा हात कुणी धरला नसता. लोक दारू लपवतात, न घेतलेल्या गोळ्या घेतल्या म्हणून सांगतात, तेव्हा नजर कशी हलते हे तिला ठाऊक होतं. गॅरेजवाल्याची नजर स्थिर होती. त्याच्या घरात खुर्ची कधी नव्हतीच.

तिने मोठ्या डॉक्टरांच्या कानावर घातलं. डॉक्टर चांगले होते, फक्त थकलेले. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"बाई, एकच गल्ली, एकच धूर, एकच गटार. एका घरातला माणूस गेला की पुढचा शेजारीच जायचा. खुर्ची नाही तर तुम्ही म्हणाल मांजर आडवं गेलं."

"तसं नाही सर. ज्याच्या घरून खुर्ची येते, तिथेच..."

"रजा घ्या थोडी," डॉक्टर म्हणाले. "आणि गल्लीत दवाखाना हवा, म्हणून मी पुन्हा वर कळवतो. त्याने खुर्ची थांबेल."

ते कळवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे दोघांनाही माहीत होतं. पण त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. तिला ते पटलं. पटलं तरी जिना उतरताना ती मनातल्या मनात म्हणत होती, दूधवाला, दूधवाला.

दूधवाल्याला सावध करावं, छाती तपासून घ्या म्हणावं, म्हणून ती एकदा मुद्दाम त्याच्या दारावरून गेली. तो किटल्या घासत होता. "मला काय धाड भरलीय?" म्हणून हसला. पंधरवड्याच्या आत तो किटलीसकट चढावर बसला तो उठलाच नाही.

त्याच्या घरी गेली तेव्हा तिने ठरवलंच होतं. दूधवाल्याच्या बायकोने खुर्ची पुढे सरकवली आणि चौकशीबाई खुर्चीकडे न बघता सरळ जमिनीवर बसली.

"अहो, खाली कशाला? खुर्ची आणलीय ना तुमच्यासाठी."

"असू दे. मला इथेच बरं वाटतंय."

खोलीत दुधाचा आंबूस वास होता. तिने विचारायला सुरुवात केली. घाम यायचा का? दूधवाल्याची बायको म्हणाली, हो, फार. हात भरून यायचा का? हो, डावा. दूधवाल्याची म्हातारी आई भिंतीला टेकली होती, तीही मधूनमधून सांगत होती. उत्तरं नीट मिळत होती. आजवर कधी मिळाली नव्हती इतकी नीट. पण मान वर केल्यावर तिच्या ध्यानात आलं, की दोघींपैकी कुणीही तिच्याकडे बघत नव्हतं. त्या खुर्चीकडे बघून सांगत होत्या. मध्येच म्हातारीने खुर्चीकडे पाहून मान हलवली, कुणी काही विचारल्यासारखी, आणि म्हणाली, "नाही, पाणी मागितलं नाही त्याने."

चौकशीबाईने पाण्याचं विचारलंच नव्हतं.

तिने प्रश्न अर्धेच सोडले.

"ही खुर्ची कुणाकडून आणलीत?"

"तुमच्या धाकटीकडून की," दूधवाल्याची बायको म्हणाली. "फार गुणाची आहे हो. लगेच दिली."

धाकटी गल्लीच्या टोकाला राहायची. नवरा तिला केव्हाच सोडून गेला होता. पिशव्यांना बंद शिवून ती पोट भरायची. पूर्वी दोघी बहिणी एका ताटात जेवल्या होत्या, एका पांघरुणात झोपल्या होत्या. आता महिन्यातून एकदा ताई चढ उतरून यायची, तीही बहुधा कुणी गेलं म्हणून.

ती धावतच आत शिरली, नेहमीसारखी आधी बसली आणि मग विचारलं, "तुझ्याकडे खुर्ची आहे?"

पायांजवळ पिशव्यांच्या ढिगात धाकटी बसली होती. तिने दातांनी दोरा तोडला. "खुर्ची? अगं ताई, इथे पाय पसरायला जागा नाही. खुर्ची काय डोक्यावर ठेवू?"

"दूधवाल्याकडे कुणी दिली मग?"

"मला काय माहीत? आणि हा तुझा चेहरा असा का? माझी चौकशी करायला आलीस की काय? मी जिवंत आहे अजून."

चौकशीबाईला हसू आलं नाही. तिने पिशवीतून बीपीचं मशीन काढलं, धाकटीचा हात आपल्या गुडघ्यावर घेतला आणि पट्टा गुंडाळला. तेवढ्यात मनगटाला काहीतरी टोचलं. पट्ट्याचं असेल, म्हणून तिने हात झटकला. मशीनचा आकडा तिने दोनदा वाचला.

"डोकं दुखतं?"

"दुखतं की. सगळ्यांचंच दुखतं."

"गोळ्या?"

"मागे दिल्या होत्या, संपल्या. रांगेत दिवस जातो गं. दिवस गेला की माल दुसरीला देतात."

"ऊठ," ताई म्हणाली. "कपडे घे चार. तू माझ्याकडे राहायला येतेयस."

किती वर्षांनी तिला असं काही वाटलं होतं. भीती, पण नुसती भीती नव्हे. धाकटीचा हात धरून चढ चढताना, तिला दम लागेल तिथे थांबताना, आपलं माणूस आपण यमाच्या दारातून ओढून नेतोय असं तिला वाटत होतं, आणि ते बरं वाटत होतं.

वरच्या घरी धाकटी सुधारली, अगदी डोळ्यांदेखत. दवाखाना पलीकडच्याच रस्त्यावर होता. तिथे बसायला बाकं होती आणि रांगच नव्हती. गोळ्या लागू पडल्या, आकडे उतरले, घोट्यांची सूज गेली. "तुझ्या या मऊ गादीने माझी पाठ मोडली," म्हणून ती कुरकुर करायची आणि दुपारी तिच्यावरच घोरायची. समोरच्या दारातले निवृत्त मास्तर आपल्या फुलझाडांना पाणी घालता घालता रोज तिला हाक मारायचे. ऐंशीच्या पुढचे मास्तर रोज सकाळी फिरून यायचे आणि जिना एका दमात चढायचे. धाकटी म्हणायची, "ताई, हे असं म्हातारं व्हायचं असतं होय? मला वाटलं, ते नुसतं सिनेमात."

चौकशीबाई खूप दिवसांनी हसली.

एका दुपारी धाकटी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. घालता घालता म्हणाली, "ताई, त्या खुर्चीचं काय केलंस गं पुढे?"

"कुठल्या?"

"त्या दिवशी माझ्याकडे आलीस आणि बसलीस ना, ती. हिरवी. मला वाटलं, तूच बरोबर आणलीस."

चौकशीबाई आठवू लागली. धाकटी खाली, पिशव्यांच्या ढिगात. तिचा हात आपल्या गुडघ्यावर. आपले पाय जमिनीला टेकलेले.

"तिची तार दुरुस्त करायला हवी," धाकटी म्हणाली. "टोचेल कुणाला तरी."

मग तिने हातातला टॉवेल खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला.

डॉक्टर म्हणाले, डोक्यातली शीर. म्हणाले, बाई, हे वीस वर्षं आतून कुरतडत आलेलं दुखणं होतं. पी हळद नि हो गोरी असं नसतं हे. तुम्ही आणलीत तिला, पण उशिरा. त्यांचं बरोबर होतं. ते खरंच हळहळले.

तिला रडू आलं नाही.

स्वतःच्या नात्यातल्या मरणाची चौकशी स्वतः करायची नसते. म्हणून खात्याने दुसरी बाई पाठवली. तिची बदली नुकतीच इथे झाली होती. दारात तिने चपला काढल्या, आत आली आणि नियमाप्रमाणे बसायला जागा शोधू लागली.

जेवणाच्या टेबलाभोवती चांगल्या लाकडी खुर्च्या होत्या. एकीवर धाकटीच्या घड्या तशाच पडलेल्या होत्या, बाकीच्या रिकाम्या.

"थांबा हं," चौकशीबाई म्हणाली.

ती त्या खुर्च्यांच्या बाजूने गेली. दार उघडलं. आपण काय करतोय हे तिला कळत होतं. नको, असंही मनात आलं. पण हात समोरच्या बेलवर पोचला होता.

मास्तरांनी हसत दार उघडलं. नुकतेच फिरून आले होते, गालांवर लाली होती.

"खुर्ची ना? आहे की. न्या, न्या."

तिने ती आणून ठेवली आणि पदराने पुसली. नवी बाई बसली. बसताना तिने मनगट झटकलं.

"काय टोचतंय हे," ती म्हणाली. "तुमची आहे का?"

"छे हो," चौकशीबाई म्हणाली. "आमच्याकडे कुठली खुर्ची? शेजारून आणली, तुम्ही येणार म्हणून."

आणि ती समोर जमिनीवर बसली. जिन्यात मास्तर शीळ घालत झाडांना पाणी घालत होते.