पांढऱ्या लुगड्यातली बाई

चौकट भिंतीवर होती, आतलं चित्र गायब. खोलीचं कुलूप शाबूत.

फौजदार महिपतराव पुरते वैतागले होते. घर उलथंपालथं करून झालं, गावातला दुसरा चित्रकार सिद्धलिंगप्पा संशयावरून चौकीत बसवून झाला, आणि हाती काय? नुसता घाम. संध्याकाळच्या गाडीनं चित्र मुंबईच्या प्रदर्शनाला जायचं होतं.

आबासाहेब येरझाऱ्या घालत होते. साऱ्या इलाख्यात नावाजलेला चित्रकार, पण खोकल्यानं खंगलेला.

"चित्रात होतं काय?" महिपतरावांनी विचारलं.

"माझी मथुराच. पण व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या कादंबऱ्यांमधली नायिका म्हणून. मुंबईला शिकताना त्या कादंबऱ्यांनीच मला वेड लावलं. मुकाट सोसणारी, शुद्ध स्त्री! शुद्ध म्हणून पांढरं लुगडं, मोकळे हात, मोकळं कपाळ. लाल रंगाचा ठिपकासुद्धा नाही."

"मग ही लाल रंगाची नळी कुणी पिळली?" महिपतरावांनी चौकटीखाली पडलेल्या रिकाम्या नळीकडे बोट दाखवलं.

"त्या सिद्धलिंगप्पानं! द्वेषानं!"

"वहिनींना विचारू?"

"तिला? अहो, ती चित्रातल्यासारखीच. तिला राग म्हणून येत नाही."

मथुराबाईंनी मुकाट्यानं चहा ठेवला. कपाला घासलेटचा वास मारत होता. महिपतरावांनी वर पाहिलं. घरात विजेचे दिवे होते, आणि चहा चुलीवरचा.

ते हवालदारावर खेकसले, "भिमा, कुठं कुठं बघितलंस?"

"समदं बघितलं की, साहेब. देवघर तेवढं ऱ्हायलं. बाई म्हनल्या, चामड्याचा पट्टा घालून देवापुढं यायचं न्हाय."

महिपतरावांनी कपाळावर हात मारला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! त्यांनी बूट काढले, पट्टा भिमाच्या हाती दिला आणि आत गेले.

चित्र देवांच्या मागेच होतं. चित्रातल्या बाईच्या कपाळावर मोठं, ओबडधोबड कुंकू. त्याचे ओघळ नाकापर्यंत आले होते.

"सिद्धलिंगप्पाला सोडा," महिपतराव बाहेर येत म्हणाले. "चोराला रंगाशी काय करायचंय? रंग त्यालाच लागतो, ज्याला चित्रात काही कमी दिसतं. किल्ली घरातली, म्हणून कुलूप शाबूत. तेलरंग पाण्यानं जात नाही, म्हणून हात घासलेटनं धुतले. आणि देवघराच्या दारात आम्हांला अडवलं कुणी? वहिनी, खरं ना?"

"मथुरा?" आबासाहेबांना खोकल्याची उबळ आली.

"व्हय, मीच!" मथुराबाई कडाडल्या. "खोकल्यातनं रगत पडतंय तुमच्या. डाक्टर मान हालवून गेला. आन् तुमी मला मोकळ्या कपाळाची करून भितीला टांगलंय! मडमेला शोभत आसंल पांढरं. हितं नवरा मेल्यावर नेसत्यात ते. जित्या नवऱ्याची रंडकी म्हनून समद्या मुंबईनं बघायचं का मला? कुंकू लावाय गेले, तर वघळलं. मग देवापुढं ठिवलं. म्हनलं, आता तूच निस्तर."

बोलता बोलता त्यांना रडू फुटलं. आबासाहेब खाली बसले. एवढी वर्षं समोर बसवून जिला रंगवलं, ती बाई त्यांनी आज पहिल्यांदा पाहिली.

"फिर्याद लिहू?" महिपतरावांनी विचारलं.

"नको. चित्र आजच्या गाडीनं जात नाही." आबासाहेबांनी रिकामी नळी उचलून पाहिली. "लाल रंग आणायला पाहिजे. मथुरा, हिरव्या बांगड्या भरून समोर बस. आणि राग पुसू नकोस तोंडावरचा."